खालचा ठसा

नाणे हातात आले की मी आधी राजाचे नाव वाचत नाही. दिवा एका बाजूला सरकवतो आणि नाणे तिरपे धरतो. आडव्या उजेडात वरच्या ठशाखालचा जुना ठसा कधी कधी दिसू लागतो.

ही खोड जोगळटेंभीने लावली. नाशिकजवळच्या या गावी १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा ठोकला होता. एका बाजूला चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि मधूनच डोकावणारे नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा. याला सूड म्हणायची पद्धत आहे. मला त्यात हिशेब अधिक दिसतो. वितळवण्यात घट येते, ठोकण्यात येत नाही. शिवाय कोणाला जिंकले तेही त्याच नाण्यावर दिसत राहते.

बहरीनमधल्या मनामात स्थायिक झालो तेव्हा वाटले, इथे असले काही भेटणार नाही. पण शहराच्या पश्चिमेला, कलात अल-बहरीनमध्ये, १९७० साली डॅनिश उत्खनकांना ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली सुमारे तीनशे चांदीची नाणी मिळालेली. दर्शनी बाजूला सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीस, मागे आसनस्थ देव. थेट अलेक्झांडरचा नमुना. तो स्वतः तर या बेटावर कधी आलाही नाही! नीट पाहिले की देवाची दाढी गायब. काही नाण्यांवर दक्षिण अरबी लिपीतले एक अक्षर आहे, अभ्यासक ते शम्स या सूर्यदेवतेचे मानतात. काहींवर अरमाइक लिपीत अबिएल हे नाव. पत अलेक्झांडरची, देव आपला.

इथे चालणाऱ्या भारतीय रुपयाचेही तसेच झाले. सोन्याच्या तस्करीमुळे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६५ मध्ये बहरीनने दिनार आणला, दहा रुपयांना एक. म्हणून शंभर फिल्सला जुनी माणसे अजून ‘रुबिया’ म्हणतात.

पुसून टाकण्याचे उदाहरणही इथलेच. पाचशे फिल्सच्या नाण्यावर मोती स्मारक होते. २०११ मध्ये त्या स्मारकाभोवती झालेल्या सरकारविरोधी आंदोलनानंतर स्मारक पाडले गेले आणि नाणेही चलनातून काढून घेतले गेले. सातकर्णीला नहपानाचा चेहरा खपला होता. मला तो अधिक निर्धास्त राजा वाटतो.

एक विनंती. आजोबांच्या डब्यात काळवंडलेले नाणे सापडले, तर ते चिंचेने घासू नका. खालचा ठसा असलाच, तर तो आधी जातो.