प्राकाराची भिंत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार कानी येते : तेथील सरकारी शाळांत सारे काही शिकवितात, फक्त देवाचे नाव काढीत नाहीत. धर्म आणि शाळा यांच्यामध्ये भिंत उभारणारे लोक नास्तिकच असले पाहिजेत, असा या तक्रारीचा सूर असतो. वकिलीच्या व्यवसायामुळे परदेशचे निवाडे वाचण्याची मला खोड आहे. आणि ते वाचता वाचता या समजुतीच्या अगदी उलट असे काही हाती लागते. ती भिंत अमेरिकेत प्रथम कल्पिली, ती एका निःसीम भाविकाने.

रॉजर विल्यम्स हा सतराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मोपदेशक. मॅसॅच्युसेट्सच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या मतांसाठी त्याला हद्दपार केले, तेव्हा १६३६ साली त्याने प्रॉव्हिडन्स ही वस्ती वसविली. धर्म हे उपवन, ऐहिक जग हे रान. मधले कुंपण मोडले की रान उपवनात शिरते, अशी त्याची धारणा होती. आपल्या देवळाला प्राकार असतो तो देवाला कोंडण्यासाठी नव्हे. बाजाराचा गलका गाभाऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून. विल्यम्सचा भाव काहीसा असाच होता. पुढे १७९१ साली पहिली घटनादुरुस्ती संमत झाली. काँग्रेसने कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापू नये आणि कोणाच्या धर्माचरणास आडकाठीही करू नये, असे दुहेरी बंधन तिने घातले. १८०२ साली जेफर्सनने डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात या तरतुदीला ‘भिंत’ म्हटले. ते बाप्टिस्ट कनेक्टिकट राज्यातले, संख्येने थोडे. राजाश्रय होता तो दुसऱ्याच पंथाला. भिंतीचे आश्वासन कोणाला हवे होते, हे यावरून उमजावे.

शाळांत मात्र ही भिंत उभी राहण्यास फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळांतून प्रॉटेस्टंटांचे बायबल सर्रास वाचले जाई, आणि कॅथलिक पालकांना ते आपल्या मुलांवर नको असे. १८४४ साली फिलाडेल्फियात याच वादाने पेट घेतला. चर्चे जाळली गेली, माणसे मारली गेली. वाद आस्तिक आणि नास्तिक यांच्यात नव्हता. एकाच ख्रिस्ताला भजणाऱ्या दोन पंथांत, कोणते भाषांतर वाचावे यावरून, रक्त सांडले.

हे ध्यानी घेतले म्हणजे १९६२ चा एंगल खटला नीट कळतो. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने शाळांसाठी एक प्रार्थना रचली होती. ती अवघ्या २२ शब्दांची. तीत ख्रिस्ताचे नावही नव्हते. कोणालाही न बोचणारी प्रार्थना असावी, एवढाच तिचा हेतू. ज्याला नको त्या मुलाने गप्प बसावे अगर बाहेर जावे, अशी सवलतही होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ती सहा विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरविली. प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नव्हे, असे न्यायमूर्ती ब्लॅक यांनी सांगितले. सरकार आणि धर्म यांची युती झाली की सरकार नासते आणि धर्माची अवनती होते, असेही बजावले. पुढच्याच वर्षी बायबलच्या नित्यपठणालाही शाळेत मज्जाव झाला. पण मुलाने मनोमन प्रार्थना करू नये, असे न्यायालयाने कधीही म्हटले नाही. धर्मग्रंथांचा साहित्य वा इतिहास म्हणून अभ्यास करण्याचीही मुभा त्याने ठेवली. मज्जाव झाला तो सरकारी पौरोहित्याला.

माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिने एकदा पत्रातून विचारले, “मामा, माझ्या मुलाला शाळेत बायबल म्हणावे लागत नाही, याचे समाधान आहे. पण आपले चांगले आहे ते तरी शाळेत का नको? आपण कोणाला बाटवायला थोडेच जातो?” प्रश्न भाबडा खरा, पण आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातला. आणि योगायोग असा की त्याचे उत्तर तिच्याच राज्यातील एका खटल्यात आहे.

१९७५-७६ च्या शैक्षणिक वर्षात न्यू जर्सीतील पाच सरकारी शाळांत महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाचा ऐच्छिक वर्ग चालू होता. हे शास्त्र आहे, धर्म नव्हे, असे चालकांचे प्रतिपादन होते. परंतु मंत्र घेण्यासाठी विद्यार्थ्याने फळे, फुले आणि हातरुमाल घेऊन एका पूजेला जावयाचे असे. गुरुदेवांच्या, म्हणजे ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांच्या, तसबिरीसमोर शिक्षक संस्कृत स्तवन म्हणे आणि उपचार अर्पण करी. मुलांना त्याचा अर्थ सांगितला जात नसे. न्यायालयाने त्या स्तवनाचे भाषांतर वाचले आणि १९७७ साली निकाल दिला : हा धर्म आहे, सरकारी शाळेत याला जागा नाही. १९७९ साली वरिष्ठ न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

आपल्या मंडळींना हा निकाल अपमानासारखा वाटतो. मला तो गौरव वाटतो. पूजेच्या चालकांनी पूजेला पूजा म्हणण्याचे टाळले. परक्या न्यायाधीशाने मात्र ते संस्कृत शब्द गंभीरपणे घेतले आणि ही पूजा आहे, असे स्पष्ट सांगितले.

याउलट प्रकार कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथे झाला. तेथील शाळांत योगासने शिकवू लागले, तेव्हा काही ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने योगवर्गाच्या बाजूने कौल दिला. कारण त्या वर्गात धर्माचा लवलेश उरलेला नव्हता. संस्कृत नावे वगळली होती; पद्मासनाला पोरांच्या बोलीतले एक गमतीचे नाव पडले होते. अलाबामा राज्याने तर १९९३ पासून शाळांतील योगावर असलेली बंदी २०२१ साली उठविताना आसनांना इंग्रजी नावे द्यावी, मंत्र म्हणू नये, ‘नमस्ते’ही उच्चारू नये, असे कायद्यातच लिहिले. योग शाळेत गेला, पण आपले नाव दारात काढून ठेवून. न्यू जर्सीतील पूजा बाहेर राहिली. परंतु ती पूजा म्हणून राहिली. अधिक गमावले कोणी, याचा वाचकांनीच विचार करावा.

भाचीला मी हेच लिहिले, आणि आणखी एक गोष्ट लिहिली. राज्यसत्तेने मुलाच्या धर्मात हात घातला म्हणजे काय होते, हे गोव्याच्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाज्ञेने येथील पोरक्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयाकडे सोपवून ख्रिस्ती करण्याचे ठरविले. ज्या समाजाचे देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले, त्या समाजाने तरी सत्तेच्या हाती देव्हारा देण्याची हौस धरू नये. मग ती सत्ता स्वकीयांची असो वा परकीयांची.

अलीकडे ती भिंत तेथे खचू लागली आहे. २०२२ साली, सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका सरकारी शाळेच्या प्रशिक्षकाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कौल दिला. २०२४ साली लुइझियाना राज्याने प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला, आणि तो लगोलग न्यायालयात गेला. या भगदाडातून उद्या आपलाही गणपती आत जाईल, असे कोणी मानू नये. भगदाडातून प्रथम शिरतो तो ज्याची संख्या मोठी तोच; आणि वर्गात एकटे बसलेले पोर बहुधा आपलेच असते.

मुलाला स्तोत्र शिकवावयाचे ते आईने, आजीने, फार तर देवळातल्या भटजींनी. सरकारने त्याला गणित शिकवावे, इतिहास शिकवावा आणि शेजारी बसलेल्या मुलाचा देव निराळा असू शकतो, एवढे शिकवावे. तेवढे नीट शिकविले, तरी पुष्कळ झाले.