उभ्या गाडीचं पडणं

मोटारसायकल वेगात पडली तर तिची बातमी होते. उभ्या उभ्या पडली तर लोक हसतात. पहिल्या पडण्यात हाडं मोडतात, दुसऱ्यात बहुधा माणसाचा तोरा. म्हणूनच की काय, या दुसऱ्या पडण्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. भर चौकात गाडी आडवी झालेला माणूस आधी कोण कोण बघतंय ते पाहतो, मग गाडीकडं बघतो. गुडघा सोलटलाय हे त्याला घरी गेल्यावर कळतं.

आमच्या अब्बांची बुलेट मेढ्यात अशीच पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या पडण्यातून आमच्या घरात एक विषय निघाला आणि तो काही गाडीपुरता राहिला नाही.

अब्बा एस.टी.त मेकॅनिक होते. नोकरीची बरीच वर्षं मेढ्याच्या आगारात गेली. मेढा म्हणजे जावळी तालुक्याचं ठाणं, वेण्णा नदीच्या काठचं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. वाटेत कण्हेर धरणाचं पाणी सोबत करतं आणि मेढा सोडलं की पुढं केळघरचा घाट चढून रस्ता महाबळेश्वरला जातो. घाटातनं उतरून आलेल्या गाडीच्या ब्रेकचा वास अब्बांना लांबूनच यायचा. ते म्हणायचे, "गाडी चढाता इंजन, उतारता ब्रेक, हौर घर पहुंचाता अल्ला." तिन्हींपैकी दोन आपल्या हातात आहेत, ती नीट ठेवायची, हा त्यांचा धर्म.

1987 साली त्यांनी एका कंत्राटदाराकडून जुनी बुलेट घेतली. ही गाडी मूळची इंग्लंडची. 1955 साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि गाडी इथली झाली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला; पहिला गिअर वर, बाकीचे खाली. बाकी बहुतेक गाड्यांचं याच्या उलट. त्यामुळं आमच्या घरातली गाडी दुसऱ्या कुणी मागून नेली नाही आणि अब्बांनीही दुसऱ्या कुणाची मागितली नाही.

निवृत्तीनंतर या गाडीवर त्यांनी मुलूख पालथा घातला. विजापूरचा गोल घुमट, गुलबर्ग्याचे बंदेनवाज, खुलताबाद, एकदा तर थेट हैदराबाद. मागं दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या. एकात पाने, जादा केबल, ट्यूब, प्लग; दुसरीत जानमाज, लुंगी आणि अम्मीनं दिलेल्या दशम्या. अम्मी फक्त विजापूरपर्यंत सोबत गेली. परत आल्यावर म्हणाली, "मेरी कंबर क्या टायर-ट्यूब है?" त्यानंतर तिनं एस.टी. सोडली नाही.

गाडी पडली तेव्हा अब्बा एकाहत्तर वर्षांचे होते. ईदचा तिसरा दिवस. मेढ्याच्या आगारातले त्यांचे जुने जोडीदार, कंडक्टर, आजारी होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. लहानपणी दर ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्या घरी जायचा आणि दिवाळीचा पहिला डबा त्यांच्याकडून यायचा. मी माहेरी आले होते, डबा धरून मागं बसले.

मामांच्या घराकडं वळायचा बोळ उजव्या हाताला, आणि तोंडाशीच चढ. मी खाली उतरले. अब्बांनी पहिला गिअर टाकून हँडल वळवलं, तोच वरून एक पोरगं सायकल रेमटवत आलं. अब्बांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि उजवीकडं कलली. त्यांनी पाय टेकला. पण तिथं डांबराची कड खचलेली, जमीन वीतभर खाली. पाय टेकायला जावं आणि तिथं जमीनच नसावी!

हळू पडणाऱ्या गाड्यांची गोष्ट बहुतेक अशीच असते. गाडी पळत असते तेव्हा तिची चाकं तिला उभी ठेवायला मदत करतात. चालण्याच्या वेगावर आली की ती मदत संपते आणि सगळा तोल चालवणाऱ्याकडं येतो. त्यात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की वजन एकदम एका बाजूला जातं. सरळ उभी असलेली बुलेट दोन बोटांवर तोलता येते. थोडी कलली तर हाताला जड लागते. आणखी कलली की तिचं पावणेदोनशे किलोच्या आसपासचं वजन पैलवानालाही आवरत नाही. चढ, वळण, ब्रेक आणि खचलेली कड ही चारही एका जागी आली, की तिथं विशीतला पोरगाही गाडी धरू शकत नाही.

मी समोरून बघत होते. क्षणभर अब्बांनी गाडी तोलून धरली. हाताच्या शिरा वर आल्या. मग त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी हँडल सोडलं, डावा पाय सीटवरून काढला आणि दोन पावलं बाजूला झाले. बुलेट आधी लेगगार्डवर टेकली, मग म्हैस बसावी तशी आडवी झाली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

माणसं धावली. कोपऱ्यावरची भाजीवाली, दोन पोरं, वडापची जीप थांबवून उतरलेला ड्रायव्हर. "लागलं का, बाबा?" म्हणत पोरं गाडीला हात घालणार, एवढ्यात अब्बांनी त्यांना थांबवलं. "दमा जरा. आधी किल्ली बंद, मग पेट्रोलचा कॉक बंद." आवाज आगारातला होता. वडापवाला निरखून बघत म्हणाला, "आवो, हे तर डेपोतलं मिस्त्री!"

मग अब्बांनी गाडी उचलण्याचा पाठच दिला. गाडी उजवीकडं पडलीय, तेव्हा डावीकडचं साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचं, नाहीतर उचललेली गाडी पलीकडं जाऊन पडते. हँडल ओढून कंबर मोडून घ्यायची नाही. गाडीकडं पाठ करायची, बूड सीटला लावायचं, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या गार्डवर, आणि मांड्यांच्या जोरावर एक एक पाऊल मागं सरकायचं. पोरांनी तसं केलं आणि गाडी उभी राहिली. दहा मिनिटं किक मारायची नाही, सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ दे, इंजिनातलं तेल आपल्या जागी जाऊ दे, हेही सांगून झालं. तोवर भाजीवालीनं पाण्याचा तांब्या आणला होता.

पुढच्या ब्रेकचा लिव्हर वर वाकला होता. उजवा आरसा आणि इंडिकेटर फुटले होते. लेगगार्ड आत दबला होता, पण इंजिनाचं कव्हर त्यानंच वाचवलं. गिअरचा लिव्हर वाकून कव्हरला टेकला होता. टाकीला कडेच्या दगडाचा पोचा पडला होता, आवळ्याएवढा. हळू पडलेल्या गाडीचं नुकसान असंच असतं. जे जे बाहेर आलेलं असतं, ते मोडतं. आतलं बहुधा शाबूत राहतं.

आम्ही वर पोचलो तोवर बातमी मामांच्या खाटेपर्यंत गेली होती. ते उशीला टेकून बसले होते, नुसती हाडं उरलेली. म्हणाले, "मिस्त्री, गाडी पाडलीत म्हणं?"

"पाडली नाही. ठेवली खाली," अब्बा म्हणाले.

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दोन चमचे शीरखुर्मा खाल्ला. ते आमचं शेवटचं भेटणं. दोन महिन्यांनी मामा गेले.

त्याच संध्याकाळी पुण्याहून भाईजानचा फोन आला. "आता बस. गाडी विकून टाका. गिऱ्हाईक मी आणतो, जुन्या बुलेटला चांगली किंमत आहे." अम्मीनं मान डोलावली. ती तर विजापूरपासूनच डोलवत होती. सगळे काळजीनंच बोलत होते. उद्या मोठं काही झालं तर, एकटे असताना झालं तर, ही भीती माझ्याही पोटात होतीच. पण फोनवर अब्बांबद्दल सगळं बोलणं चाललं होतं आणि अब्बा समोर बसून रुमालानं आरशाची काच गोळा करत होते. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गॅरेजवर गेले. आपल्या समाजात हातात पाना असलेलं एखादं माणूस बहुतेक नात्यागोत्यात निघतं. 2006 सालच्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांची नोंद आहे, त्यात वाहनदुरुस्तीही आहे. शाळा सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली जातो, आधी पाने पुसतो, मग पाना ओळखतो, मग आवाज ओळखतो. अब्बांचे उस्ताद त्यांच्याहून वयानं लहान, पण अब्बा त्यांना उस्तादच म्हणतात.

उस्तादांनी गिअरचा लिव्हर काढला, शाफ्ट फिरवून बघितला. शाफ्ट सरळ होता, ती खरी सुटका; तो वाकला असता तर काम लांबलं असतं. लिव्हर लोखंडी, तापवून पाइप घालून सरळ केला. ब्रेकचा लिव्हर ॲल्युमिनियमचा. हा गार असताना वाकवला तर कट्कन मोडतो आणि जास्त तापवला तर वितळून पडतो. लोखंडासारखा लाल होऊन आधी सांगत नाही. उस्तादांनी त्याच्यावर अंगाच्या साबणाची रेघ ओढली आणि खालून आच दिली. रेघ काळी पडू लागली तशी आच बाजूला. "अब नरम हुआ," म्हणत लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्यांनी तो हळूहळू सरळ केला. आणि मग गाडीला लावला मात्र नवाच. "ब्रेक का काम है. सीधा किया हुआ थैली में रखो, अडचन में घर तक लाएगा. रोज का भरोसा नक्को." मोडलेलं दुरुस्त होतं, पण दुरुस्त झालेल्यावर किती भार टाकायचा हेही दुरुस्त करणाऱ्यालाच कळतं.

काम चालू असताना दोन तरुण आले. मोठी नवी गाडी, अंगावर जाकिटं, महाबळेश्वरकडं निघालेले. पार्किंगमध्ये गाडी कलंडली, आता चालूच होत नाही, कंपनीचं सेंटर बंद आहे. उस्तादांनी किल्ली बंद केली, थोडं थांबून परत चालू केली आणि बटण दाबलं. गाडी चालू! बऱ्याच नव्या गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते, किल्ली बंद करून पुन्हा लावल्याशिवाय ती सोडत नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पोरं गेल्यावर म्हणाले, "2020 से बी.एस. 6 आया, कार्ब्युरेटर गया. अब पाना कम, कंप्यूटर जास्ती. पार्ट सीधा करनेवाले कू कौन पूछेगा?" त्यांचा मुलगा आय.टी.आय.ला आहे. तो कंप्यूटर शिकतो आणि रविवारी बापाजवळ साबणाची रेघ शिकतो.

राहिला टाकीचा पोचा. तो काढायचा तर टाकी रिकामी करून धुवायची, आत पाणी भरून पेट्रोलची वाफ घालवायची, मग डाग देऊन पत्रा ओढायचा, लांबी भरून घासायचं आणि रंग द्यायचा. पोच्यावरून सोनेरी रेघ गेली होती. बुलेटच्या टाकीवरची ही रेघ मद्रासच्या कारखान्यात कारागीर ब्रशनं, हातानं ओढत आलेत. अब्बा म्हणाले, "पत्रा नको ओढू. जहां रंग उडा वहां जंग ना लगे, इत्ताच कर. वो लकीर किसीने हाथ से खींची है." उस्तादांनी मान हलवली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

आठवड्यानं भाईजान स्वतः आला. जेवणं झाल्यावर अब्बांनीच विषय काढला. "उस दिन मैं छोडा, इसलिए पाव बचा. पकडके रखता तो गाडी के नीचे होता. कब छोडना, मेरेकू मालूम है. तुम लोगां मत बताव." कुणी बोललं नाही. मग त्यांनीच आपल्या अटी सांगितल्या. मागं कुणाला बसवणार नाही. रात्री चालवणार नाही. घाट बंद. लांबचा सफर कुणी सोबत असेल तरच. आणि ज्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर एकट्याला चढवता येणार नाही, त्या दिवशी किल्ली अम्मीच्या हातात. अम्मी म्हणाली, "मैं क्या करूं किल्ली का?" पण ती हसत होती.

भाईजाननं गिऱ्हाइकाचा विषय परत काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, आजोबांना म्हणाली, "नाना, मला बुलेट शिकवा." अम्मीनं "लडकी जात..." असं सुरू केलं, पण ते कुणी पुरं होऊ दिलं नाही. मला वाटलं, आता किक, मग क्लच, मग गिअर. अब्बांनी अंगणात भुशाची चार पोती पसरली, कॉक बंद केला आणि बुलेट पोत्यांवर आडवी करून ठेवली. म्हणाले, "उठा."

पहिल्यांदा तिनं हँडल ओढलं. गाडी हललीसुद्धा नाही. दुसऱ्यांदा पाठ लावली, पण स्टँड उघडायची राहिली. नानांनी नुसतं तिकडं बोट दाखवलं. तिसऱ्यांदा ती एक एक पाऊल मागं सरकली, तोंड लालबुंद झालं आणि गाडी उभी राहिली. टाकीवरच्या पोच्यावर तळवा टेकून ती धापा टाकत आजोबांकडं बघू लागली, शाबासकीसाठी.

अब्बा म्हणाले, "अब छोडना सीख."