प्रार्थनेतला शेरा

मिशन शाळेत मुख्याध्यापक होतो तेव्हा सोमवारची शिक्षकसभा प्रार्थनेनं सुरू व्हायची. त्यात गैर काही नव्हतं; गैर होतं ते मी तिच्यात घुसवायचो ते. "प्रभू, आमच्यातल्या काहींना वेळेचं भान दे." डोळे मिटलेले असले, तरी रोख कुणावर ते सगळ्यांना कळायचं. सरळ बोललो असतो तर पाचवीच्या बाईंनी उत्तर दिलं असतं. प्रार्थनेला उलट कोण बोलणार? त्यातून बरेच शिक्षक ख्रिस्ती नव्हते. तेही बिचारे 'आमेन' म्हणायचे. निकाल घसरला तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानातला दाखला वाचला, धन्याचे रुपये पुरून ठेवणाऱ्या चाकराचा. धनी कोण, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

नगरला मिशनरी सिंथिया फरारबाईंकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं, हे दर गॅदरिंगला अभिमानानं सांगायचो. स्वतः मात्र पाठटाचणांवर सह्या आणि लॉगबुकात 'समाधानकारक' एवढंच. बाई दिवाळीआधीच म्हणाल्या होत्या, "सर, निम्म्या पोरांना वाचता येत नाही." मी म्हणालो, "प्रार्थनेत ठेवू या." किती सोयीचं उत्तर!

बाईंच्या वर्गात पूर्ण तासिका बसलो, तीही विस्तार अधिकारी येणार होते म्हणून. एक मुलगा धडा घडाघडा वाचत होता. शेजारून पाहिलं तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि आवाज कधीच पुढच्या पानावर पोचलेला. सगळं पाठ! दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट पुढे ठेवली, तर पहिल्याच जोडाक्षराला अडला. मग 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या पद्धतीनं अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशी सगळ्यांची तपासणी केली. बाईंचा अंदाज खरा निघाला.

तिसरी ते पाचवीची मुलं, इयत्ता बाजूला ठेवून, वाचनाच्या पातळीप्रमाणे गटांत बसवायचं सोमवारच्या सभेत ठरलं. त्याच सभेत सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं राहू द्या सर. वाचनाची तासिका दुसरी ठेवा. एसटी उशिरा येते, पहिलीला मी पोचत नाही." हे कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

अक्षरगट मी घेतला. जमत नव्हतं. बाई दारातून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, "सर, तुम्हीच फार बोलता."