अंगणातली सोनकी

सोनकी वाशीमला येणार नाही, असे मला तिघांनी सांगितले होते. दोघे रोपवाटिकेचे मालक; तिसरी आमची सौभाग्यवती.

तिचे माहेर साताऱ्याकडे, जावळीच्या डोंगरात. भाद्रपदात तिथले माळ सोनकीने असे पिवळे होतात, की कुणी हळदच सांडली म्हणावे! सासूबाई गौरीला हेच फूल वाहत. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांना झेंडू-शेवंती चालते. झेंडू, शेवंती, सोनकी सगळी सूर्यफुलाच्याच कुळातली, हे मी पुस्तकात वाचून घरात ऐकवले. "कूळ एक असलं म्हणून माहेर एक होत नाही," एवढेच उत्तर आले.

सासूबाई गेल्या आणि तिने सोनकीचे नाव काढणेच सोडले. माझ्या हे जरा उशिराच ध्यानात आले.

कासच्या पठारावरून काडीही उचलू नये. २०१२ पासून तो जागतिक वारसा आहे. म्हणून भाऊबीजेला गेलो तेव्हा मेहुण्याच्या बांधावरचे बी पुडीत बांधून आणले. पांढऱ्या केसांचे, फुंकर घालताच उडणारे बी! पहिल्या वर्षी हौसेने शेणखत घालून काळ्या मातीत पेरले. कोंब आले, तीन दिवस झड लागली आणि सगळे कुजले. वाशीम १९९८ साली जिल्हा झाला, पण माती वऱ्हाडचीच. पाणी धरून बसणारी. सोनकीला पाऊस हवा तेवढा चालतो, मात्र पाणी पायाशी थांबलेले खपत नाही. शेवटी ती उतारावरची लेक!

दुसऱ्या वर्षी फुटक्या रांजणाच्या बुडाला भोके पाडली. शेजाऱ्यांच्या विहिरीचा मुरूम, थोडी खडी, मूठभर पालापाचोळा, खत मुळीच नाही. रांजण निंबाखाली ठेवला, म्हणजे दुपारचे ऊन टळते. अकरा रोपे उगवली, चार जगली. वीतभर उंचीची. रोपवाटिकेवाले येऊन पाहून गेले. म्हणाले, "हे तर तण!"

महालक्ष्म्यांच्या दिवशी तीनच फुले उमलली होती. मी तिन्ही खुडायला निघालो, तर तिने हात धरला. ज्येष्ठेला एक, कनिष्ठेला एक.

"तिसरं राहू द्या. बी धरू दे."

पुढे बी वाऱ्यावर उडू नये म्हणून तिने त्यावर मलमलची चिंधी बांधली. आता ती पुडी तिच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. मला हात लावू देत नाही.