तेरा मात्रांचा टर्मिनेटर

मे महिन्यात सगळी भावंडं जमली की मोठे काका एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचे. आधी हिंदी कॅसेटी, आजीसाठी एखादी पौराणिक, आणि मोठी माणसं पेंगायला लागली की इंग्रजी. १९८४ सालचा 'द टर्मिनेटर' आमच्या घरात असाच शिरला.

कॅसेट झिजलेली. पडद्यावर पांढरे पट्टे सरकायचे आणि काका ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसायचे. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. तरी सिनेमा कळला, तो ब्रॅड फीडेलच्या संगीतामुळे. टीव्हीच्या एवढ्याशा स्पीकरमधून सिंथेसायझरचा खर्ज जेमतेम यायचा, पण लोखंड आपटल्याचा तो ठोका शेजारच्या खोलीपर्यंत जायचा. टर्मिनेटर झालेला श्वार्झनेगर पडद्यावर असो नसो, ठोका सुरू झाला की आजी जपमाळ थांबवून म्हणायची, "आला गं बाई मेला!" टर्मिनेटर नावाच्या त्या मारेकरी यंत्राला दया नाही, थकवा नाही, हे तिला संवादांतून कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यावर आम्ही तोच ठेका धरायचो, आणि दरवेळी कुठेतरी अडखळायचो. कारण फार पुढे वाचायला मिळालं. फीडेलने सिंथेसायझरवर ठेका फिरता ठेवला तेव्हा त्याचं आवर्तन किंचित आखूड राहिलं. मोजलं तर तेरा मात्रा भरतात. त्रितालाला सरावलेला आपला कान सोळाव्या मात्रेची वाट बघतो, आणि सम त्याआधीच येऊन आदळते. सिनेमाभर जीव टांगणीला लागतो तो निम्मा तरी या तीन मात्रांपायी, असं मला मनापासून वाटतं. आणि तो लोखंडी आवाज? माइकजवळ बिडाचा तवा बडवून काढलेला! आजीच्या घावनांचा तवा तसाच होता. आम्ही उगाच डबे बडवत बसलो.

एक तुकडा मात्र आम्हा कुणाच्याच कानांवर पडला नव्हता. सिनेमाची नायिका सारा आणि तिला वाचवायला आलेला काइल जवळ येतात तिथे काका घाईने कॅसेट पुढे पळवायचे. तिथे तीच धून नुसत्या पियानोवर येते. ठोका नाही, लोखंड नाही. मरणाच्या छायेतली दोन माणसं आणि ते मऊ सूर. शेवटी सारा एकटी गाडी हाकत वादळाकडे निघते, तेव्हा पोटात का तुटतं, ते हा पियानो ऐकल्यावरच उमगतं. संसाराला लागल्यावर ताईने तो प्रसंग पहिल्यांदा सलग पाहिला आणि रात्री उशिरा मला फोन केला: "अरे, ही तर प्रेमकथा आहे!"