एका रात्रीची गोळी

गेल्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. वय 76. आठ दिवस हॉस्पिटलात होती. पहिल्या दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. लागणार कसा? ट्यूबलाइट रात्रभर चालू. दोन वाजता बीपी, पाचला रक्त काढायला माणूस. शेजारच्या कॉटवाल्यांचे नातेवाईक फोनवर. तिसऱ्या रात्री मीच म्हटलं, "सिस्टर, हिला झोपेचं काहीतरी द्या ना." खरं सांगायचं तर मलाही झोपायचं होतं.

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन केला. अल्प्राझोलामची 0.5 ची गोळी आली. आई झोपली. मीही स्टुलावर बसल्या बसल्या झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चादरीवरून बोटांनी काहीतरी वेचू लागली. विचारलं तर म्हणाली, "तांदळात खडे फार आहेत गं." संध्याकाळी सलाइन उपसून टाकलं. वयामुळे होतं असं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. रात्री पुन्हा तीच गोळी.

डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिकच्या खाली तीही होती. रोज रात्री एक. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. मेडिकलवाला कार्ड बघायचा, रजिस्टरात नोंद करायचा, स्ट्रिप द्यायचा. घरी आई सकाळी दहापर्यंत पडून. चालताना भिंत धरायची. वाती वळणं बंद झालं. आम्हाला वाटलं, न्यूमोनियानं खाल्लं हिला. दिवाळीच्या तोंडावर रात्री बाथरूमला जाताना पडली. मनगट मोडलं.

प्लास्टर घातल्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळ्या स्ट्रिप टेबलावर मांडायला लावल्या. एक उचलून विचारलं, "ही कोणी चालू केली?"

मी म्हटलं, "हॉस्पिटलनं." मग जरा वेळानं, "मीच मागितली होती."

ते रागावले नाहीत. 65 च्या पुढे या जातीची गोळी शक्यतो टाळतात, म्हणाले. तोल जातो, भ्रम होतो, आणि रोज घेतली की सवय लागते. मी म्हटलं, आजपासूनच बंद करते. तर म्हणाले, मुळीच नाही. इतके दिवस घेतलेली गोळी एकदम तोडली तर झोप आणखी उडते, कुणाला फिटही येते. त्यांनी आईपुरता हिशेब करून दिला: दोन आठवडे 0.25, मग दोन आठवडे त्यातली अर्धी, मग बंद.

पहिला आठवडा वाईट गेला. रात्री दोनला आई पलंगावर उठून जपमाळ ओढत बसायची. एका रात्री मी स्ट्रिप हातात घेतलीही होती. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, सकाळी उन्हात चालवलं. चारनंतरचा चहा बंद केला, त्यावरून मात्र गोळीपेक्षा जास्त भांडणं झाली. महिन्याभरानं तिनं आपणहून कापूस मागितला, वातींसाठी.

फेब्रुवारीत पित्ताशयाच्या खड्यांसाठी पुन्हा अॅडमिट करावं लागलं. या वेळी चष्मा, कानाचं मशीन, घड्याळ आणि कापसाचे बोळे बरोबर नेले. रात्रीचं बीपी अकराला घेऊन मग थेट सकाळी घेतलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारलं. तब्येत स्थिर होती, ते हो म्हणाले. फाइलवर झोपेची गोळी दिसली तेव्हा "किती रात्रींसाठी?" एवढंच विचारलं. त्यांनी ती खोडली.

त्या रात्री आई अशी घोरली की शेजारच्या कॉटवरच्या आजींनी सिस्टरांकडे झोपेची गोळी मागितली.