वाढीचा तक्ता आणि खेळातला आकडा

ताप किती, रक्तदाब किती, उपाशीपोटी साखर किती, असे विचारण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. मोजमापाविषयी मला आकस असण्याचे कारण नाही. न मोजता दिलेले औषध बहुधा अंदाजाने दिलेले असते, आणि तो अंदाज रुग्णाला महागात पडू शकतो. परंतु आकडा कोणाच्या हाती पडतो, कोणाच्या देखत वाचला जातो आणि कशाशी ताडून पाहिला जातो, यावर त्याचा गुण येणार की अपाय होणार, हे ठरते. या गोष्टीचा विचार अलीकडे मला एका अनपेक्षित ठिकाणी करावा लागला. ते ठिकाण म्हणजे ऑनलाइन खेळ.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. आम्लपित्त आणि अपुरी झोप अशा तक्रारी घेऊन तो आला, तेव्हा मी जेवणाच्या वेळा विचारल्या, कामाचा ताण विचारला. बराच वेळ उडवाउडवी करून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, हसू नकोस. गेले दोन आठवडे मी राखाडी येतोय." मला त्या वाक्याचा अर्थच लागेना. त्याने समजावून सांगितले ते असे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने 2004 मध्ये आणला. त्यातील सर्वांत अवघड लढतींत वीस खेळाडू एकत्र येऊन एका बलाढ्य शत्रूशी झुंजतात. कामे वाटलेली असतात. शत्रूचे घाव अंगावर झेलणारे ते 'टँक', साथीदारांच्या जखमा भरून काढणारे ते 'हीलर', आणि उरलेल्यांनी प्रहार करायचे. कोणाच्या प्रहारांचा जोर दर सेकंदाला किती, हे दाखवणारी 'डॅमेज मीटर' खेळाडूंनीच तयार केली. 'रीकाउंट' आणि 'डीटेल्स' ही त्यांतली प्रसिद्ध नावे. लढतीची नोंद 'वॉरक्राफ्ट लॉग्ज' या संकेतस्थळावर चढवली, की त्याच प्रकारचे पात्र घेऊन तोच शत्रू मारणाऱ्या इतर खेळाडूंशी तुलना होते, शंभरातला क्रम मिळतो आणि क्रमाला रंग मिळतो. पंचविसाच्या खाली राखाडी, मग चढत्या क्रमाने हिरवा, निळा, जांभळा, केशरी, गुलाबी, आणि अगदी शिखरावर सोनेरी. हा रंग सहसा कोणालाही पाहता येतो. नवा गट जमवताना अनेक जण आधी तोच पाहतात.

शंभरातला क्रम म्हटल्यावर मला बालकांच्या वाढीचा तक्ता आठवला. आज आपण वापरतो ती मानके जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केली. भारतासह सहा देशांतल्या निरोगी बालकांच्या मोजमापांवर ती आधारलेली आहेत. बाळाचे वजन पंधराव्या रेषेवर आहे असे सांगितले, की आईचा चेहरा उतरतो. "म्हणजे शंभरपैकी पंधरा गुण?" असे मला अनेकींनी विचारले आहे. मी त्यांना सांगतो, की निरोगी बालके वजनानुसार ओळीने उभी केली तर कोणीतरी पंधराव्या जागी असणारच. त्यात कमीपणा नाही. आम्ही डॉक्टर त्या एका टिंबापेक्षा टिंबांना जोडणारी रेषा पाहतो. बाळ पंधराव्या रेषेला धरून महिन्यामागून महिना वर चढत असेल तर मी निश्चिंत असतो. तेच बाळ ऐंशीवरून पन्नासावर आणि पन्नासावरून तिसावर घसरू लागले, तर तीस हा आकडा पंधरापेक्षा मोठा असूनही मला काळजी वाटते.

भाच्याचा आकडा या नजरेने कोणी पाहिला नव्हता. शिवाय या क्रमवारीत शत्रूला प्रत्यक्ष हरवलेल्या लढतीच धरल्या जातात. म्हणजे राखाडी रंगाचा खेळाडूही मुळात विजयी गटातलाच असतो! जिंकलेल्या माणसाला हरल्यासारखे वाटायला लावण्याची ही करामत केवळ मांडणीची आहे.

एका रात्री मी त्याच्या शेजारी बसून ती लढत पाहिली. पायाखाली आग पसरली की जागा सोडावी लागते, आणि जागा सोडली की प्रहार चुकतो. शत्रूचा घातक मंत्र वेळीच तोडणारा खेळाडू साऱ्या गटाला वाचवतो. पण प्रहारांच्या यादीत त्याचे श्रेय दिसत नाही. हीलरची गंमत आणखी वेगळी. गट सावधपणे खेळला, की जखमा कमी होतात आणि हीलरचा आकडा घसरतो. हे पाहून मला आपलेपणाच वाटला. लस टोचल्यामुळे ज्या मुलाला गोवर झालाच नाही, ते मूल माझ्या दवाखान्याच्या नोंदवहीत कधीच 'बरा झालेला रुग्ण' म्हणून चढत नाही. टळलेले संकट मोजणे सर्वांत कठीण असते, आणि जे मोजता येत नाही त्याची किंमत हळूहळू लोकांच्या मनातूनही उतरते.

वैद्यकाने हा अनुभव घेतलेला आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंची नोंद 1989 पासून पद्धतशीर ठेवण्यास सुरुवात केली, आणि पुढे शल्यविशारदांच्या नावांसह ते आकडे जाहीर झाले. रुग्ण मुळात किती गंभीर होता याचा हिशेब त्यांत धरलेला होता. मृत्यूचे प्रमाण घटले, हे त्या उपक्रमाचे यश म्हणून सांगितले जाते. मात्र आपला आकडा बिघडू नये म्हणून काही शल्यविशारद अतिगंभीर रुग्ण टाळू लागले, असा आक्षेपही तेव्हापासून आजवर घेतला जातो. आकडा चव्हाट्यावर आला, की माणूस कामाबरोबर आकड्याचीही काळजी वाहू लागतो. खेळातला तरुण आगीत उभा राहून प्रहार करत राहतो, त्याचे मूळही येथेच आहे.

मग मीटर काढूनच टाकावे का? मला तसे वाटत नाही. अनेक लढतींना वेळेची मर्यादा असते. ठरल्या वेळेत शत्रू पडला नाही, तर सारा गट मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकोणीस जणांनी दिवसभराच्या कामानंतर काढलेला वेळ वारंवार वाया जात असेल, तर कारण शोधण्याचा त्यांना हक्क आहे. निदानाविना उपचार नाही, हा नियम येथेही लागू पडतो.

बंदीचा मार्ग जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने 'फायनल फँटसी 14' या खेळात अवलंबला. बाहेरची साधने वापरण्यास तेथे मनाई आहे, आणि खेळाडू एकमेकांचा छळ करतील या भीतीने निर्माते नाओकी योशिदा यांनी अधिकृत मीटर देण्याचे टाळले आहे. हेतू चांगला, पण संगणकावर खेळणारे अनेक जण चोरून मीटर वापरतात आणि प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांना ती सोय नसते. आकडा नाहीसा झाला नाही, तो फक्त काहींच्याच हाती राहिला.

मात्र याच खेळातली दुसरी एक सोय मला फार आवडली. तिचे नाव 'स्टोन, स्काय, सी'. तेथे खेळाडू एकटाच एका पुतळ्यावर प्रहार करतो. ठरावीक वेळात पुतळा फुटला, तर अमुक शत्रूसाठी आपली तयारी पुरेशी आहे, एवढे त्याला कळते. तो कितवा आला, हे तेथे कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल असाच असतो. आपले हिमोग्लोबिन अपेक्षित मर्यादेत आहे की नाही, हे त्यावर छापलेले असते. आज तपासलेल्या चाळीस जणांत आपला क्रमांक कितवा, हे नसते. तो अहवाल बंद पाकिटात मिळतो, प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लावला जात नाही.

ब्लिझार्डने 2025 मध्ये डॅमेज मीटर खेळातच अंतर्भूत करण्याचे जाहीर केले. म्हणजे मीटर असावे की नसावे, हा प्रश्न तेथे मागे पडला. ते कसे असावे, एवढाच उरला. माझे उत्तर एका वैद्याचे आहे. आकडा प्रथम ज्याचा त्याला दिसावा. तो त्याच्याच मागील लढतींशी ताडला जावा. प्रहारांबरोबर टाळलेले घाव आणि तोडलेले मंत्रही मोजले जावेत. गटाला दाखवायचा की नाही, हे त्याने स्वतः ठरवावे. आणि ज्या गटाला तो हवा असेल, त्याने तसे आधी सांगावे.

आपल्या घरांत हा विषय बहुधा मोबाइलवरून शिरतो. बीजीएमआय खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी 'केडी' हा शब्द सतत असतो. किती प्रतिस्पर्धी टिपले याची ती सरासरी. कोसळलेल्या साथीदाराला उठवण्यासाठी जो थांबला, त्याचे थांबणे त्या सरासरीत दिसत नाही. पालक मुलांना विचारतात, "किती तास खेळलास?" तो प्रश्न आवश्यकच आहे. खेळावर ताबा न राहणे, त्यापुढे अभ्यास आणि नाती मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळणे न थांबणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणानुसार तो आजार ठरतो आणि तज्ज्ञांकडे जावे लागते. पण बहुसंख्य मुले त्या टोकाला गेलेली नसतात. त्यांच्याशी बोलताना आणखी दोन प्रश्न विचारावेत, तेही उलटतपासणीच्या सुरात नव्हे: "तुझा आकडा कोणाकोणाला दिसतो?" आणि "तो पाहिल्यावर तुला झोप लागते का?" उत्तर देताना मूल अडखळले, तर त्या खेळाचे ओझे कोठे आहे, ते कळते.

भाच्याला मी रात्रीचे जेवण लवकर घ्यायला आणि नवानंतरचा चहा बंद करायला सांगितले, आम्लपित्ताचे औषधही दिले. त्याशिवाय एक कागद पुढे करून गेल्या आठ लढतींचे त्याचे आकडे ओळीने मांडायला लावले. आठही टिंबे राखाडी पट्ट्यातच होती. सहापासून निघालेली रेषा एकोणिसापर्यंत चढली होती. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.